गिझर बदलताना : एका बाथरूमचे गणित

मित्रहो, गिझर हा काय मासिकात लेख लिहिण्याचा विषय आहे, असे तुम्हाला वाटेल. हॉस्टेलवाल्यांसाठी तर गरम पाणी म्हणजे पहाटे पाचला उठून सोलरच्या नळाखाली लावलेली बादली, नाहीतर रेक्टर सरांची नजर चुकवून लावलेला रॉड. मीही इतकी वर्षे गिझरकडे कधी मान वर करून पाहिले नव्हते. बटण दाबले की पाणी गरम, विषय संपला. पण मागच्या जानेवारीत आमच्या घरी एक प्रसंग घडला आणि थर्मोडायनॅमिक्सची वही मला परीक्षेशिवाय पहिल्यांदाच उघडावी लागली. त्या वहीतले हे गणित आहे. ते अवघड नाही. फर्स्ट इयरच्या मुलालाही जमेल. पण आमच्या घरात ते आधी कुणीच केले नव्हते.

आमचे घर मानेवाड्याला. घरात माणसे पाच : आजी, आई, बाबा, धाकटी बहीण आणि मी. बाथरूम चार फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट. आत भिंतीवर गॅसचा गिझर. सिलिंडर बाहेर, नळी भिंतीतून आत. थंडी कडक पडली होती म्हणून बाथरूमच्या लहानशा खिडकीला आम्हीच पुठ्ठा लावला होता. मीच लावला होता, खरे सांगायचे तर.

रविवार होता. आधी बाबांची आंघोळ झाली, मग माझी. त्यानंतर बहीण डोके धुवायला गेली. बराच वेळ झाला. नळाचा आवाज येत होता, पण बादली-मगाचा आवाज नव्हता. हा फरक आजीच्याच लक्षात आला. "पोरगी अजून काहून निघून नाही राहिली?" ती म्हणाली. आईने हाक मारली, उत्तर नाही. बाबांनी दाराला खांदा लावला, कडी तुटली. बहीण खाली पडलेली होती, वर गिझर निळ्या-पिवळ्या ज्योतीने मजेत चालू होता.

तिला उचलून मागच्या अंगणात आणले. मोकळ्या हवेत तिने डोळे उघडले, उलटी केली, आणि "डोकं फुटून राहिलं" एवढेच म्हणाली. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरी गिझर कोणता आहे?" दुसरा प्रश्न, "खिडकी उघडी होती का?" मी खाली पाहिले. ऑक्सिजन लावला, दुसऱ्या दिवशी ती घरी आली. आम्ही नशीबवान ठरलो. दर हिवाळ्यात पेपरात अशा बातम्या येतात आणि त्यांतल्या पुष्कळ बातम्यांचा शेवट असा नसतो.

पुढचे काही दिवस सगळ्यांचे पाणी शेगडीवर गंजात तापू लागले. मग प्रश्न आला, नवीन गिझर कोणता घ्यायचा? बाबांचे मत सरळ होते. "तोच आण ना रे. काय बिघडलं होतं त्याचं? पाणी भदाभदा येत होतं, बिल कमी. खिडकी उघडी ठेवत जाऊ." आईला कोणताच गिझर नको होता. मी म्हटले, "बाबा, मला आठ दिवस द्या. हिशेब करून सांगतो." बाबा हसले, पण हो म्हणाले.

गिझर चांगला होता, मग झाले काय?

बाबांचे एक म्हणणे बरोबर होते. गिझर बिघडलेला नव्हता. दुकानदाराने फसवले नव्हते. मग चूक कुठे झाली?

आपला नेहमीचा गॅस गिझर मिनिटाला ६ लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवतो. म्हणजे सेकंदाला ०.१ किलो पाणी. त्याला ४.१८६ ने आणि २५ ने गुणले की १०.५ किलोवॉट येतात. इलेक्ट्रिक गिझर असतो २ किलोवॉटचा. म्हणजे भिंतीवरचा तो छोटा डबा पाच इलेक्ट्रिक गिझरांचे काम एकटा करतो. पाणी भदाभदा येते ते यामुळेच.

पण ही शक्ती जळण्यातून येते आणि जळायला हवा लागते. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर आत साधारण १२.३ किलोवॉटचा गॅस जळतो. एलपीजीचे उष्मांक मूल्य किलोला सुमारे ४६ मेगाज्यूल. म्हणजे तासाला जवळजवळ १ किलो गॅस. १ किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १५.५ किलो हवा लागते. कुणी निवांत १५ मिनिटे शॉवर घेतला तर अंदाजे २४० ग्रॅम गॅस आणि ३.७ किलो हवा खर्च होते. ३.७ किलो हवा म्हणजे ३.१ घनमीटर.

आता आमची बाथरूम मोजा. ४ × ६ × ८ म्हणजे १९२ घनफूट, म्हणजे ५.४ घनमीटर. एका आंघोळीत निम्म्याहून अधिक हवेचा हिशेब संपतो, आणि माणूस त्याच हवेत उभा असतो.

खरा धोका मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. तो १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत नीट जळत नाही. कार्बनचा पूर्ण डायऑक्साइड होण्याऐवजी मोनॉक्साइड होऊ लागतो. खोली पूर्ण बंद आहे, बाहेरून काहीच हवा येत नाही, असे धरून २१ वरून १८ वर यायला किती वेळ लागतो ते मी काढले. उत्तर आले पावणेचार मिनिटे. मी तीनदा तपासले, कारण मला वाटले दशांश चिन्ह चुकले. चुकले नव्हते. प्रत्यक्षात दाराखालून, फटींतून थोडी हवा येते म्हणून वेळ वाढतो. पण आमच्या घरी त्या दिवशी तिसरी आंघोळ चालू होती आणि खिडकीला पुठ्ठा होता.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. एलपीजीला जो वास येतो तो त्याचा स्वतःचा नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात. पण गॅस जळला की तो वासही जळून जातो. म्हणजे गॅस गळला तर नाक सांगते, गॅस अर्धवट जळला तर नाक काहीच सांगत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० ते २५० पट घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, मग पायांतले बळ जाते. माणसाला दार उघडावेसे वाटते, पण हात कडीपर्यंत पोचत नाही. शिरलेला मोनॉक्साइड साध्या हवेत निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. म्हणून डॉक्टरांनी आधी ऑक्सिजन लावला.

तेव्हा बाबांच्या "काय बिघडलं होतं त्याचं?" या प्रश्नाचे उत्तर असे की गिझरचे काहीच बिघडले नव्हते, जागा चुकली होती.

आजीचा बंब आणि लंडनचा गिझर

मी हे गणित मोठ्याने समजावत असताना आजी बाजूला वाती वळत बसली होती. ती म्हणाली, "आमचा बंब बाहेर राहे अंगणात. जाळ अन् माणूस एका बंद खोलीत नाही ठेवत, बाप्पा."

बंब पुष्कळांनी लग्नाच्या मांडवामागे पाहिला असेल. तांब्याचा उभा पिंप, मध्ये आरपार नळी, खाली जाळी. नळीत गोवऱ्या, कोळसे, भुसा काहीही जाळा. जाळ नळीतून वर जातो आणि भोवतीचे पाणी तापते. आपण ज्याला वायवात 'फायर ट्यूब बॉयलर' म्हणतो, तोच हा. वरून गार पाणी ओतले की तोटीतून कढत पाणी बाहेर येते. बंबातही कोळसा अर्धवट जळतो, मोनॉक्साइड तिथेही होतोच. पण डोक्यावर आभाळ असते. स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूरसुद्धा कवेलूंच्या फटींतून निघून जाई. आपण कवेलू काढून स्लॅब टाकला, खिडकीला काच लावली, दार घट्ट केले आणि जाळ मात्र आत आणला.

गंमत म्हणजे ही चूक गिझरच्या जन्मापासूनची आहे. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉघन या रंगाऱ्याने गॅसवर झटपट पाणी तापवणारे घरगुती यंत्र बनवले आणि आइसलंडमधल्या उष्ण फवाऱ्यांवरून त्याला 'गिझर' नाव दिले. त्या पहिल्या गिझरला धूर बाहेर नेणारे धुराडेच नव्हते. पुढे एडविन रूड या नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या इंजिनिअरने १८८९ मध्ये आपोआप चालणारा, टाकीचा वॉटर हीटर बनवला. धुराड्याशिवाय जाळ बंद खोलीत लावायचा नाही, ही गोष्ट जगाला हळूहळू कळली. आपल्या कितीतरी बाथरूमना ती अजून कळायची आहे.

माझा एक मावसभाऊ इंग्लंडला असतो. त्याला फोनवर विचारले, "तुमच्याकडे काय असते?" त्याच्या घरी कॉम्बी बॉयलर आहे. एकाच डब्यातून घर तापवणाऱ्या रेडिएटरना गरम पाणी जाते आणि नळालाही मिळते. टाकी नाही. तो डबा चक्क स्वयंपाकघरातल्या कपाटात बसवलेला, गॅसवर चालणारा, आणि दारे-खिडक्या थंडीने कायम बंद! मी म्हटले, मग तुम्ही जगता कसे? तर त्या बॉयलरचा जळण्याचा कप्पा खोलीपासून पूर्ण बंद असतो. भिंतीतून बाहेर एकात एक अशा दोन नळ्या जातात. बाहेरच्या नळीतून ताजी हवा आत येते, आतल्या नळीतून धूर बाहेर जातो. जाळ घरात आहे, पण तो घरातल्या हवेला हात लावत नाही. शिवाय तिथे गॅसचे काम नोंदणीकृत माणसानेच करायचे असा कायदा आहे. आपला भिंतीवरचा साधा गिझर खोलीतलीच हवा घेतो आणि खोलीतच धूर सोडतो. दिसायला दोघेही भिंतीवरचे डबेच, पण फरक जीवन-मरणाचा.

पाणी किती लागते?

जागेचा प्रश्न सुटला, आता मापाचा. दुकानात गेलो की दुकानदार विचारतो, "किती लिटरचा देऊ?" आणि आपण शेजाऱ्याकडे जेवढा आहे तेवढा म्हणतो. खरे तर आधी बादल्या मोजाव्यात.

आम्ही पाच माणसे. प्रत्येकी एक बादली, म्हणजे साधारण १८ लिटर, ४० अंशांचे पाणी. एकूण ९० लिटर. जानेवारीत सकाळी आमच्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी १८ अंशांचे होते. ते लॅबमधला थर्मामीटर मागून आणून मोजले, सरांचे आभार. म्हणजे २२ अंश वाढवायचे. ९० × ४.१८६ × २२ म्हणजे सुमारे ८,२९० किलोज्यूल, म्हणजे २.३ युनिट. सगळ्या घराची आंघोळ अडीच युनिटांत बसते! बाबांना हा आकडा दाखवला तर त्यांचा विश्वास बसेना. त्यांना वाटत होते गिझर म्हणजे मीटर गरगर फिरणार.

आता लिटरचे कोडे. २५ लिटरच्या टाकीत ६० अंशांचे पाणी असेल आणि त्यात १८ अंशांचे गार पाणी मिसळले, तर ४० अंशांचे जवळजवळ ४८ लिटर पाणी मिळायला हवे. पण गरम पाणी बाहेर निघताना गार पाणी आत शिरून थोडे मिसळतेच. म्हणून दोन बादल्या धरा. ही टाकी २ किलोवॉटच्या कॉइलने तापायला सुमारे ३७ मिनिटे लागतात. १५ लिटरची टाकी २२ मिनिटांत तापते, पण एक बादली आणि वर थोडे एवढेच देते. कॉइल तीच असेल तर पाच जणांना लागणारा एकूण वेळ दोन्हीकडे सारखाच, म्हणजे सत्तर मिनिटांच्या आसपास. मोठ्या टाकीमुळे वीज वाढत नाही, फक्त लागोपाठ दोघांना थांबावे लागत नाही.

आणि ३ लिटरचा 'इन्स्टंट' इलेक्ट्रिक? ३ किलोवॉटने २२ अंशांची वाढ हवी असेल तर मिनिटाला दोन लिटरसुद्धा धड मिळत नाही. एक बादली भरायला नऊ मिनिटे. भांडी घासायला, दाढीला उत्तम. पाच जणांच्या आंघोळीला त्याचे काम नाही.

पैशाचा हिशेब

बाबांचा खरा मुद्दा बिलाचा होता, तेव्हा तो टाळून चालणार नव्हते. सोपे जावे म्हणून मी वीज १० रुपये युनिट आणि १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपये धरला. तुम्ही आपल्या बिलावरचे आकडे घाला, रीत तीच.

विजेवर : रोज अडीच युनिट, म्हणजे २५ रुपये. गॅसवर : कार्यक्षमता थोडी कमी, ८० टक्के धरली तरी रोज २२५ ग्रॅम गॅस, म्हणजे साधारण १४ रुपये. गॅस स्वस्त आहे, यात वाद नाही. फरक रोज ११ रुपये.

पण नागपुरात गरम पाणी लागते किती दिवस? २९ डिसेंबर २०१८ ला आपल्याकडे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, हे खरे. तसेच २३ मे २०१३ ला तो ४७.९ वर चढला होता, हेही खरे. मार्च संपला की गच्चीवरच्या टाकीचे पाणीच इतके तापते की दुपारी हात धुताना चटका बसतो. आमच्या घरी गिझर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जास्तीत जास्त १२० दिवस. १२० गुणिले ११ म्हणजे सुमारे १,३०० रुपये. बाथरूममधल्या गॅस गिझरने आमचे वर्षाला वाचत होते ते एवढेच.

मी तो आकडा वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि वही बाबांसमोर ठेवली. बाबांनी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत वाचले. बहीण समोरच अभ्यास करत बसली होती. तिच्याकडे एकदा पाहिले. मग म्हणाले, "उद्या बर्डीवर जाऊ. हा कागद सोबत घे."

मग इतर पर्याय?

गॅस गिझर वाईटच, असे मी म्हणत नाही. तो मोकळ्या हवेत, बाहेरच्या भिंतीवर, पावसा-वाऱ्यापासून आडोसा देऊन बसवला आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणला, तर तो स्वस्त आणि झटपट आहे. दहा-बारा फूट अर्ध्या इंची पाइपमध्ये पाणी साचते तेही अर्धा-पाऊण लिटरच. आमची अडचण अशी की मागची भिंत तीन बाजूंनी टिनाच्या शेडने झाकलेली आणि स्वयंपाकघराची खिडकी तिथेच उघडते. बाथरूमचा धूर उचलून स्वयंपाकघरात नेल्यासारखे झाले असते. ज्यांच्या घरी खरोखर उघडी जागा आहे त्यांनी जरूर विचार करावा. एवढे पाहा की टाकी नळापेक्षा पुरेशी उंच आहे का. पाण्याचा दाब कमी असला तर हा गिझर पेटतच नाही.

सोलर सगळ्यांत छान. १०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला चार युनिट लागतात, ते ऊन फुकट देते. नागपूरला हिवाळ्यात आकाश स्वच्छ असते, म्हणजे हवे तेव्हाच ऊन असते. पण पहिला खर्च मोठा, आणि आमच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग व्हायचे आहे. ते झाले की सोलर, असे घरात ठरले आहे. मोठ्या कुटुंबाला आणि हॉस्टेलला याच्याइतके सोयीचे काही नाही.

पाणी जड, वायर बारीक

आता विकत घेताना पाहायच्या दोन गोष्टी. त्या लिटर आणि कंपनीपेक्षा महत्त्वाच्या आहेत.

पहिली, पाणी. कॉर्पोरेशनचे पेंच-कन्हानचे पाणी वेगळे आणि घरच्या बोअरचे वेगळे. फर्स्ट इयरला केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आपण ईडीटीएचे टायट्रेशन करतो ना, वाइन रेड ते निळा? तेच मी घरच्या बोअरच्या पाण्यावर केले. कठीणपणा लिटरला ४२० मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात २०० पर्यंत चांगले आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते असे म्हटले आहे. पिणे जमेल, पण कॉइलला हे पाणी मानवत नाही. पाणी तापले की त्यातले बायकार्बोनेट फुटून चुना कॉइलवर बसतो. चुन्यातून उष्णता धातूच्या मानाने फारच हळू जाते. मग पाणी तापत नाही, पण कॉइल जळते. म्हणून जड पाण्याच्या घरी तांब्याऐवजी इनकोलॉयची कॉइल आणि आतून काचेचा मुलामा दिलेली टाकी घ्यावी. टाकीत मॅग्नेशियमचा रॉड असतो. तो स्वतः झिजून टाकी वाचवतो. वर्षातून एकदा टाकी धुवून तो पाहायचा आणि संपला असेल तर बदलायचा. थर्मोस्टॅट ६० च्या वर नेऊ नये, कारण जेवढे तापमान जास्त तेवढा चुना जास्त.

दुसरी, वायर. २ किलोवॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे पावणेनऊ अँपिअर. त्यासाठी १६ अँपिअरचे सॉकेट, अडीच स्क्वेअर मिलिमीटर तांब्याची वेगळी वायर आणि खरे अर्थिंग पाहिजे. 'खरे' म्हणतो कारण आमच्या बाथरूमच्या सॉकेटला तिसरे भोक होते, पण त्यामागे वायरच नव्हती. गॅसचा धोका टाळून विजेचा घरात आणणार होतो! इलेक्ट्रिशियनकाकांनी नवीन वायर ओढली आणि मेनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. गळती झाली की ती क्षणात वीज तोडते.

दुकानात आम्ही आणखी दोन गोष्टी पाहिल्या. टाकीवर आयएस २०८२ या मानकाचा शिक्का, आणि जास्तीचा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह डब्यात आहे की नाही. स्टार किती हेही पाहिले. पण स्टार हे मुख्यतः टाकी नुसती तापून राहिली असताना किती उष्णता गळते यावर असतात. जो माणूस गरजेपुरता लावून बंद करतो त्याला स्टारचा फायदा कमी, जो दिवसभर चालू ठेवतो त्याला जास्त. आम्ही २५ लिटरचा, २ किलोवॉटचा, पाच स्टारचा घेतला, कारण बाबा बंद करायला विसरतात हे घरातले सगळ्यांत जुने सत्य आहे. आंघोळीला शिरण्याआधी तो बंद करायचा, हा नियम आजीने लावला आणि तीच पाळून घेते.

हॉस्टेल आणि रूमवाल्यांसाठी

हॉस्टेलच्या मित्रांनो, रॉडबद्दल थोडे. एक बादली १८ वरून ४२ अंशांवर न्यायला अर्धा युनिट लागते, दीड किलोवॉटच्या रॉडला वीस मिनिटे. एका मजल्यावर दहा जणांनी एकदम रॉड लावले तर १५ किलोवॉट, म्हणजे ६५ अँपिअर. मग एमसीबी पडते आणि आपण वॉर्डनला नावे ठेवतो. एमसीबी बिचारी आपले काम करत असते. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून "तापलं का" पाहणारे वीर प्रत्येक विंगमध्ये आहेत. त्यांनी आधी प्लग काढावा, मग बोट घालावे. त्याहून बरे म्हणजे दहा जणांनी मिळून सोलरची मागणी लिहून द्यावी, वर हे गणित जोडावे.

बाहेर रूम करून राहणाऱ्यांना मात्र मनापासून सांगणे आहे. रूम पाहायला जाल तेव्हा भाडे, मेस आणि नेटवर्क विचारता, तसे बाथरूमचे दारही उघडून पाहा. आत गॅस गिझर आहे का? असेल तर घरमालकांना तो बाहेर बसवायला सांगा. तो बाहेर जाईपर्यंत गिझर लावून, दार-खिडकी सताड उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा आणि मगच आत जाऊन कडी लावा. लागोपाठ तिघांनी आत गिझर चालू ठेवून आंघोळ करू नका. ज्योत पिवळी दिसली तर गिझर दुरुस्तीला आला आहे असे समजा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म विकत मिळतो, चौघांत घेतला तर फार महाग पडत नाही. आणि कुणी आत पडलेच, तर आधी दार उघडून त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन लावा. तोंडावर पाणी मारत तिथेच बसू नका, नाहीतर आणणाराही पडेल.

मित्रहो, सेमिस्टरभर आपण एअर-फ्युएल रेशो पाठ करतो. पेपरात विचारला की लिहितो, दहा मार्क घेतो, विसरतो. पुठ्ठा लावला त्या दिवशीही मला तो रेशो पाठ होता. फक्त तो आमच्या बाथरूमलाही लागू पडतो, हे सुचले नाही.

आता आमच्या खिडकीला पुठ्ठा नाही. थंडी आत येते, बहीण कुरकुर करते, आजी म्हणते, "येऊ दे." या सुटीत घरी गेलात की बॅग ठेवण्याआधी एकदा आपल्या बाथरूमची खिडकी पाहून या.